लखाईची काट्यावरची वाट

जमीन मोजायची साखळीसुद्धा गावात आली नव्हती, इतकी जुनी ही गोष्ट. हिवरदऱ्यात लखाई नावाची वेसकरीण होती. वेसकर म्हणजे गावाची वेस राखणारं घर. शिवारातला कोणाचा बांध कुठून जातो, हे त्या घरानं ध्यानात ठेवायचं, आणि तंटा झाला की डोक्यावर मातीचं ढेकूळ घेऊन त्या बांधावरून चालून दाखवायचं, अशी रीत होती. ढेकूळ डोक्यावर असताना पाऊल खोटं पडलं, तर चालणारा वर्षाच्या आत मरतो, असं म्हणतात.

एका वर्षी ओढ्याला असा पूर आला, की भिवजी आणि सुभाना या शेजाऱ्यांमधला बांध दगडांसकट वाहून गेला. पाणी ओसरलं तेव्हा दोन्ही शेतं मिळून एकच सपाट गाळ! दोघेही वीस वीस पावलं जास्त सांगू लागले. एका सकाळी तर कुऱ्हाडी घेऊन समोरासमोर उभे राहिले. ज्वारीच्या पेरणीचे दिवस सरत चालले होते आणि कोणी कोणाला औत धरू देईना. तेव्हा गावानं लखाईला बोलावलं.

लखाई म्हातारी झाली होती. तिला तो बांध आठवत होता का? कोणी म्हणतं, स्वच्छ आठवत होता. कोणी म्हणतं, छे, तो गाळ बघून तीही गोंधळली होती. खरं काय ते तिलाच ठाऊक. तिनं दोन्ही शेतांतली ओली माती एकत्र मळली, ढेकूळ डोक्यावर ठेवलं आणि डोळे मिटून अनवाणी निघाली. सारा गाव मागून चालला.

थोडं पुढं जाते तोच ती थबकली. पायात बाभळीचा काटा घुसला होता. पुढचं पाऊल टाकलं, पुन्हा काटा. कोणीतरी गाळात काटे पुरून ठेवले होते. लखाई हसली, असं म्हणतात. त्यानंतर जिथं काटा लागत नसे, तिथून ती पाऊल मागं घेई आणि काटा शोधून त्यावर ठेवी. मागं रक्ताची सरळ रेघ उमटत गेली.

भिवजीला ते बघवेना. तो धावत आडवा आला.

"लखाई, थांब! काटे मीच पुरलेत."

"मग तुम्हीच काढा, बाबा," ती म्हणाली. "मला वाकता येत नाही. डोक्यावर माती आहे."

त्या काळी लोक वेसकरणीची सावलीसुद्धा चुकवायचे. भिवजी गाळात बसला, तिचं पाऊल मांडीवर घेतलं आणि एकेक काटा उपसू लागला.

सुभानानं विचारलं, "पण काटे नेमके इथंच का रे पुरलेस?"

"ती बांधावरून चालू नये म्हणून," भिवजी बोलून गेला, आणि बोलल्यावर त्यानं मान खाली घातली. बांध कुठं होता, हे साऱ्या गावाला कळलं.

मग लखाई शेवटपर्यंत तशीच चालली आणि भिवजी तिच्यापुढं गुडघ्यांवर सरकत काटे काढत गेला. ढेकूळ पडलं नाही. उपसून त्या रेघेवरच टाकलेल्या वाळलेल्या काट्यांना आठ दिवसांत पालवी फुटली आणि संक्रांतीला त्यांचं कमरेएवढं हिरवं कुंपण झालं, असं म्हणतात. लखाई पुढं इतकी वर्षं जगली, की तिचं वय मोजणारेच आधी गेले.

आता हिवरदऱ्यात मोजणीवाले येतात, यंत्र लावतात, खुणा करून जातात. तारेचं कुंपण घालायचं असतं. पण त्याआधी दोघे शेजारी चपला काढतात आणि त्या रेषेवरून एकत्र चालतात. वाटेत काटा रुतला तर स्वतः काढायचा नाही. पाय शेजाऱ्याच्या मांडीवर द्यायचा.