पंचावन्न इंची छाटी

“पण स्वामी, स्वस्त आहे म्हणजे वाईटच असलं पाहिजे, असं थोडंच आहे?”

तांबटसाहेबांनी हे विचारलं तेव्हा स्वामी पडवळाच्या वेलाला सुतळी बांधत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“मी कुठं म्हणालो वाईट आहे?”

“म्हणजे चांगला आहे?”

“तेही नाही म्हणालो.”

…

तांबटसाहेब वीजखात्यातून निवृत्त झालेले इंजिनियर. टेकडीखालच्या गावात त्यांचं घर. मुलगी लग्न होऊन नागपूरला गेली, आता घरात नवराबायको दोघंच. महिन्यातून एखाद्या सकाळी दोघं मठात येतात, दुपारचं जेवतात आणि उन्हं उतरली की जातात.

मी मठात स्वयंपाकाचं बघतो. त्यामुळे येणाऱ्याजाणाऱ्यांची मला चांगली पारख झाली आहे, असं मला वाटायचं. तांबटसाहेबांना सगळ्यातलं कळतं, आणि आपल्याला कळतं हे दुसऱ्याला कळवल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. मठातला पंखा हळू का फिरतो, हे त्यांनी मला दोनदा समजावून सांगितलं आहे. पंखा अजून हळूच फिरतो.

आमच्याकडे एक पद्धत आहे. कुणी प्रश्न घेऊन आलं की आधी त्याच्या हाताला काम द्यायचं. हात गुंतले की माणूस कमी बोलतो, असा स्वामींचा अनुभव.

म्हणून मी कुमुदबाईंना सुपात तांदूळ दिले आणि साहेबांपुढं लसणाची वाटी ठेवली. बाई ओट्याच्या पायरीवर बसून तांदूळ निवडू लागल्या. साहेबांनी वाटी बाजूला सारली आणि मोबाइल काढला.

त्यांच्या घरचा जुना टीव्ही दिवाळीत बंद पडला होता. आता त्यांच्या मनात पंचावन्न इंची भरला होता. नामांकित कंपनीचा लहान टीव्ही जेवढ्याला येतो, तेवढ्यात हा भला मोठा मिळत होता. कंपनीचं नाव कुणी ऐकलेलं नव्हतं, एवढीच काय ती अडचण. पण साहेबांनी दुकानं पालथी घातली होती, लोकांची मतं वाचली होती, एका दुकानदाराशी वादही घातला होता. आतला पडदा तोच असतो, वरचं नाव तेवढं निराळं, असं त्यांचं ठाम मत झालं होतं.

दोषही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. आवाज डब्यात बोलल्यासारखा येतो. बिघडला तर दुरुस्तीला माणूस जिल्ह्याहून यायचा, तोही त्याच्या सवडीनं. आणि बाजूनं बघितलं तर चित्राचे रंग उतरतात.

“पण बाजूनं बघणार कोण?” ते म्हणाले. “आम्ही तर दोघंच.”

स्वामींनी सुतळीला गाठ मारली.

“दोघं कुठं कुठं बसता?”

“मी समोर, सोफ्यावर. ही स्वयंपाकघराच्या दारात. कुकरकडे लक्ष ठेवावं लागतं ना.”

“हं.”

…

स्वामी हात धुऊन आले आणि पारावर टेकले. बाईंचं काय म्हणणं आहे, असं त्यांनी विचारलं. बाई समोरच होत्या, पण विचारलं साहेबांना.

साहेब याचीच वाट बघत असावेत. त्यांची सगळी तक्रार तीच होती. किती महिने झाले, बाई ना हो म्हणत होत्या ना नको. घ्यायचा का विचारलं की एकच उत्तर, तुम्हाला काय वाटेल ते करा.

“हे काय उत्तर झालं, स्वामी? उद्या बिघडला तर खापर माझ्यावरच फुटणार. तुम्ही एक शब्द टाका. तुमचं ती ऐकेल.”

बाई खाली मान घालून खडे वेचत होत्या. त्यांच्या बोटांचा वेग तोच होता.

स्वामी पायावरची माती झटकत राहिले. ते बोलत नाहीत तेव्हा समोरच्याला राहवत नाही, हे मी पुष्कळदा बघितलं आहे. साहेबांनी आवाज खाली आणला.

“खरं सांगू का? टीव्ही बंद पडल्यापासून संध्याकाळी घर खायला उठतं. जेवण होतं. ताटं उचलली जातात. मग… काहीच नाही. समोरासमोर बसलो तर बोलायचं काय, असा प्रश्न पडतो. इतकी वर्षं झाली, हा प्रश्न कधी पडला नव्हता. मोठा टीव्ही असला म्हणजे निदान घर भरल्यासारखं वाटेल.”

आपला आवाज पारापुरताच राहिला, असं त्यांना वाटलं असेल. मठाचं अंगण लहान आहे. सुपातला हात थांबला आणि थोड्या वेळानं पुन्हा फिरू लागला.

तोवर मला हे साहेब नेहमीसारखे पांडित्य सांगायला आले आहेत असंच वाटत होतं. आता मला त्यांची दया आली. मी लसणाची वाटी उचलून स्वतःच सोलायला घेतली.

“पंचावन्न इंच म्हणजे केवढा हो?” स्वामींनी विचारलं.

साहेबांच्या अंगात एकदम हुशारी आली. त्यांनी हात पसरून दाखवला, मग ते चुकतंय असं वाटून हात थोडे जवळ आणले. हे माप रुंदीचं नसतं, असं ते म्हणाले. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरकं मोजायचं असतं.

“बघायचा सरळ आणि मोजायचा तिरका?”

“तशी पद्धतच आहे, स्वामी.”

“मला असं नाही समजायचं. नीट दाखवा.”

दोरीवर स्वामींची अंगावर घ्यायची भगवी छाटी वाळत होती. ती त्यांनी ओढून साहेबांच्या हातात दिली. साहेबांच्या पिशवीतून मोजपट्टी निघाली. मला त्याचं नवल वाटलं नाही. त्यांनी छाटी फरशीवर अंथरली, तिरकं माप घेतलं, घड्या घालून बरोबर तेवढी केली आणि कडा हातानं साफ केल्या. काम चोख होतं.

“हा असा,” ते म्हणाले.

स्वामींनी छाटीची एक बाजू वरखाली दोन्ही हातांनी धरली. दुसरी मला धरायला सांगितली. मी लसूण ठेवला आणि हात धोतराला पुसून धरली.

“किती लांबून बघायचा?”

“सोफा आणि भिंत यांत आठ फूट तरी हवेत.”

“मग बसा तेवढ्यावर. घरी काय उभ्यानं बघणार आहात?”

साहेब पारावर जाऊन बसले. स्वामी दोन पावलं सरकले, म्हणून मीही सरकलो. छाटी आता पाराच्या आणि ओट्याच्या बरोबर मधे आली. हे त्यांनी मुद्दाम केलं का, ते मी कधी विचारलं नाही.

“दिसतोय?”

“फर्स्ट क्लास. घराला शोभेल असा आहे.”

“काय काय बघाल?”

“बातम्या. मॅचेस. हिच्या मालिका.”

“बरं… आणि हा मधे येण्याआधी इथं काय दिसत होतं?”

साहेब हसले. परीक्षा घेतलेली त्यांना आवडते.

“ओटा,” ते म्हणाले. “तुळशीवृंदावन. वृंदावनाला डाव्या अंगाला तडा गेलाय, तो भरून घ्या.”

“आणखी?”

“सरपणाची रास. वर पत्रा आहे. पत्र्यावर मांजर.”

“आणखी?”

“घंटा. तिची दोरी नवीन आहे. मागच्या खेपेला काथ्याची होती, आता नायलॉनची.”

“आणखी?”

…

साहेबांनी डोळे मिटले. खरंच आठवून बघितलं त्यांनी. त्यांच्या बाजूनं मी हे सांगितलंच पाहिजे.

“नाही,” ते म्हणाले. “एवढंच.”

छाटीचं टोक धरणाऱ्याला दोन्हीकडचं दिसतं. इकडे साहेब शंभरपैकी शंभर मिळाल्यासारखे बसले होते. तिकडे कुमुदबाईंनी सूप मांडीवरून खाली ठेवलं. त्यांनी आधी छाटीकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, आणि मला कुठं बघावं ते कळेना.

मला त्या वेळी साहेबांचा फार राग आला.

स्वामींच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. ते छाटी धरून उभे होते.

“मी इथंच बसलेय,” बाई म्हणाल्या. “सकाळपासून.”

आवाज मोठा नव्हता. रागाचाही नव्हता. भाजीत मीठ आहे की नाही ते सांगावं, तसं त्यांनी सांगितलं.

साहेबांचा चेहरा उतरला. पंखा हळू का फिरतो ते सांगणारा माणूस हाच का, असं मला वाटून गेलं.

…

“कुमुद,” ते म्हणाले.

मी त्यांना इतकी वर्षं ओळखतो. ‘ही’ म्हणताना ऐकलं आहे, ‘अगं’ म्हणताना ऐकलं आहे. बाईंचं नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. बाईंनीही बऱ्याच दिवसांनी ऐकलं असावं, कारण त्यांनी पदर सावरला.

“कुमुद, टीव्ही घ्यायचा का गं आपण?”

उत्तर नेहमीचंच येईल, असं मला वाटलं. साहेबांनाही वाटलं असेल.

“मला दारातून दिसतच नाही,” बाई म्हणाल्या. “जुनाही दिसत नव्हता. काचेवर उजेड पडायचा. मी नुसतं ऐकायची.”

“मग आत येऊन बसायचं.”

“कुठं?”

“कुठं म्हणजे? सोफ्यावर.”

“सोफ्यावर तुमचे पाय असतात.”

…

पत्र्यावरचं मांजर उठलं, अंग ताणून पुन्हा बसलं. माझे हात भरून आले होते. मी टोक जरा खाली घेतलं तशी स्वामींनी माझ्याकडे बघितलं. मी ते पुन्हा वर उचललं.

साहेब स्वतःच्या पायांकडे बघत होते. मग त्यांनी पाय जवळ घेतले. पारावर शेजारी जागा झाली. ते तिथं कुणी येऊन बसायची वाट बघत असल्यासारखे थांबले. मधे छाटी होती. बाईंना ती जागा दिसणार कशी?

हे त्यांच्याही लक्षात आलं असावं. ते उठले आणि छाटीजवळ आले. वळसा घालून पलीकडे जाता आलं असतं, दोन पावलांचं काम होतं. पण ते तिथंच थांबले. नवीन जागी आल्यासारखे हात कुठं ठेवावेत ते त्यांना समजेना.

पलीकडे कुमुदबाईही उभ्या राहिल्या होत्या. उठताना सुपातले निवडलेले तांदूळ त्यांच्या मुठीत तसेच राहिले होते. त्या छाटीपाशी आल्या आणि थांबल्या. दोघांच्या मधे वीतभर अंतर असेल आणि एक भगवं कापड. साहेबांना बाई दिसत नव्हत्या आणि बाईंना साहेब दिसत नव्हते. मला दोघं दिसत होती. मुलगी सासरी गेली त्या दिवशीसुद्धा मी साहेबांचे डोळे कोरडे बघितले होते. आता ते कोरडे नव्हते.

“स्वामी,” साहेब म्हणाले. “मग घ्यायचा की नाही घ्यायचा?”

स्वामींनी हातातलं टोक थोडं वर उचललं.

“मी संन्यासी माणूस. अंतरपाट धरायची माझी ही पहिलीच वेळ,” ते म्हणाले. “कधी सोडायचा, ते तुम्ही दोघं सांगा.”