दोन मिलिअँपिअरचा उपास

“…आणि मास्तरांनी म्हणे सन्मतीच्या तोंडावर दार लावलं! वर म्हणाले, पुन्हा जन्मात तुला—”

डेअरीसमोर कुणाची तरी फटफटी सुरू झाली आणि पुढचं बोलणं तिच्या आवाजात बुडालं.

मालनकाकूंचा जीव अर्ध्या बातमीत अडकला. दुधाची किटली घेऊन त्या लगबगीनं निघाल्या. लांब जायचं नव्हतंच. मास्तरांची आणि त्यांची भिंत एक.

मिरजेत सतारीचे भोपळे वाळत घालतात, त्या गल्लीत दस्तगीर मास्तर राहत. वाडवडील सतारी करायचे. मास्तरांनी तीस वर्षं तंत्रनिकेतनात सर्किटं शिकवली. निवृत्त झाल्यावर पुढच्या खोलीत एक टेबल मांडलं. ज्याला शिकायचंय त्यानं यावं, एवढाच नियम.

सन्मती मगदूम त्यांचा सगळ्यात हुशार शिष्य. सगळ्यात ताठही तोच. तीन वर्षं शिकला, पण त्या घरात पाणीसुद्धा कधी मागून प्यायला नाही. सव्वा वर्षापूर्वी, “आता मला कुणाचं काही लागणार नाही,” म्हणून गेला, तो गेलाच.

आज तो मास्तरांच्या पायरीवर बसला होता. मांडीवर खोकं. मागं दार बंद.

म्हणजे निदान अर्धी बातमी खरी होती.

“किती वेळ बसलायस रे?”

“होईल तासभर.”

“भांडलास?”

“नाही काकू. दार उघडंच होतं. मी उंबऱ्याशी उभा राहिलो. मास्तरांनी एकदा वर पाहिलं, परत मान खाली घातली. थोड्या वेळानं उठले… आणि कडी लावली.”

“तू काय म्हणालास?”

“काही नाही.”

“हाकसुद्धा नाही?”

“उगीच कशाला त्रास द्यायचा.”

काकूंनी कपाळाला हात लावला. “बरं, चहा आणू?”

“नको.”

“पोहे? गरम आहेत.”

“नको काकू, खरंच.”

“पर्युषण संपून तीन महिने झाले की रे! तुझं एकट्याचं चालूच आहे होय?”

तो हसला नाही. तेव्हा काकू किटली खाली ठेवून पायरीवर टेकल्या. त्या टेकल्या की माणूस बोलतो, हे गल्लीला ठाऊक होतं.

खोक्यात घंटा होती. आजारी माणसाच्या उशाशी लावायची. बटण दाबलं की ती वाजते आणि पलीकडं नर्सच्या टेबलावर दिवा लागतो. तिला विजेची वेगळी वायर लागत नाही. नेटवर्कच्या ज्या केबलीतून निरोप जातो, तिच्यातूनच वीज येते. केबलीच्या दुसऱ्या टोकाला स्विच नावाची एक पेटी असते, ती वीज देते. ती वीज घेऊन घंटेला पुरवणारं सर्किट सन्मतीनं केलं होतं. वर्ष गेलं होतं त्यात.

“एका दवाखान्यात चार लावून पाहिल्या. परवा एका आजींनी बटण दाबलं. घंटा मेलेली… तासभर त्या घोटभर पाण्यासाठी दाबत होत्या. ओरडायला आवाज नाही त्यांना.”

“अगं बाई.”

“उद्या सकाळपर्यंत दोष सापडला नाही, तर चारही काढून टाकणार आहेत. ते टाकू देत. पण त्या आजी मला म्हणाल्या, बाळा, मी नीट दाबलं नव्हतं का रे?”

एवढं बोलून त्यानं मान फिरवली.

काकू उठल्या आणि दारावर थाप मारली. “मास्तर!”

“कोण?” आतून आवाज आला.

“मी, मालन.”

“आणि?”

काकूंच्या ओठांवर नाव आलं होतं. त्यांनी ते गिळलं. अख्ख्या आयुष्यात इतकं अवघड काम त्यांनी केलं नव्हतं.

गल्लीत कुणीतरी सतारीची तार जुळवत होतं. तीच तार, पुन्हा पुन्हा…

“मी आहे, मास्तर. सन्मती.”

कडी निघाली. इतक्या लगेच, की मास्तर कडीला हात लावूनच उभे असावेत.

“काय होतंय?” मास्तरांनी टेबलाशी बसत विचारलं.

“मरते आणि पुन्हा जिवंत होते. माझ्याकडं आठ दिवस अखंड चालली. तिथल्या स्विचला जोडली की लागते, विझते, लागते, विझते. स्विच खराब आहे.”

मास्तरांनी फळीवरून स्वतःचा जुना स्विच काढला. केबल लावली. घंटेवरचा हिरवा दिवा लागला. विझला. परत लागला. परत विझला.

“हाही खराब?”

सन्मतीनं केबल काढून पुन्हा घट्ट बसवली. तेच.

“तुझ्याकडं वीज कशातून दिलीस?”

“साध्या पॉवर सप्लायमधून.”

“हं. तो कुणाला काही विचारत नाही.” मास्तरांनी चष्मा पुसला. “कुणी बटण दाबत नाही तेव्हा ही झोपते ना? झोपेत किती घेते?”

इथं मात्र सन्मतीची मान वर झाली. “दोन मिलिअँपिअर. फक्त दोन! इतकी कमी घेणारी घंटा तुम्हाला बाजारात दिसणार नाही. जवळजवळ काही घेतच नाही ती. स्विचला कळतसुद्धा नाही की पलीकडं कुणी…”

वाक्य तिथंच राहिलं.

दिवा लागला. विझला.

काकू दाराला टेकून श्वास धरून उभ्या होत्या.

दिव्यावरची नजर काढून सन्मतीनं विचारलं, “मास्तर… मघाशी तुम्ही दार का लावलंत?”

“वाऱ्यानं कागद उडत होते. उंबऱ्यात कुणी आहे का पाहिलं. थोडी वाट बघितली. कुणी काही मागितलं नाही. स्विचही तेच बघतो. पलीकडं कुणी काही घेत नसेल तर वीज तोडतो.”

मास्तरांनी डबीतून एक रेझिस्टर काढला. शेंगदाण्याएवढा. त्याचे दोन पाय वीज आत येते तिथल्या दोन टोकांना टेकवून धरले.

दिवा लागला.

राहिला.

“पण हा तर काहीच काम करत नाही,” सन्मती म्हणाला. “नुसती वीज पितोय.”

“हो.”

“वर्षभर मी एकेक थेंब वाचवला, मास्तर.”

“हो.”

“मग ही उधळपट्टी झाली की!”

“बोट लाव.”

सन्मतीनं बोट लावलं. रेझिस्टर कोमट होता. झोपलेल्या माणसाच्या कपाळासारखा.

त्यानं बोट उचललं नाही. मग हळूच, स्वतःशीच बोलावं तसं म्हणाला, “सारखा नको प्यायला. पाव सेकंद थांबून एक घोट… मग परत एक घोट. स्विचला तेवढं पुरतं.”

मास्तरांनी सोल्डरिंग गन त्याच्याकडं सरकवली आणि ते वर्तमानपत्र वाचत बसले.

काकू तीन कप चहा घेऊन आल्या. सन्मतीपुढं एक ठेवला. घे म्हणाल्या नाहीत, त्याचंच त्यांना नवल वाटलं. तो मान खाली घालून जोडकाम करत होता. कपावर साय धरली.

दुपार होत आली तेव्हा त्यानं केबल जोडली. दिवा लागला. तिघंही बघत बसले. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा एक पूर्ण फेरी मारून आला. दिवा तसाच.

सन्मतीनं बटण दाबलं. घंटा वाजली.

त्यानं गार झालेला कप उचलला, एका दमात संपवला, आणि कपाकडंच बघत म्हणाला, “काकू… अजून अर्धा मिळेल?”

काकूंनी अर्धा नाही, काठोकाठ आणला. साखरही जरा जास्तच पडली त्यात.

तो खोकं उचलून निघाला, तशा काकू राहवेना म्हणून बोलल्याच, “मास्तर, डेअरीवर बोलत होते. तुम्ही पोराच्या तोंडावर दार लावलंत म्हणे.”

“लावलं. खरं आहे.”

न ऐकलेली अर्धी बातमी काकूंनी स्वतःच पुरी केली, “आणि पुन्हा जन्मात त्याला उभं करणार नाही, असंही म्हणालात?”

मास्तरांनी कडीकडं पाहिलं. दार सताड उघडं होतं, आणि टेबलावरचे कागद वाऱ्यानं खुशाल उडत होते.

सन्मतीनं उंबऱ्यात वाकून त्यांच्या पायाला हात लावला. “चुकलो, मास्तर. आता पुन्हा त्रास नाही देणार.”

“दे,” मास्तर म्हणाले. “थोडा थोडा. पण देत जा.”