कातळवलीचा गडगा

कोकणात कातळवली गावी, सड्याच्या, म्हणजे कातळी पठाराच्या, उतारावर, केशवगिरी महाराजांचा मठ होता. मठाला दार नव्हतं आणि महाराजांना भेटायला कुणाचा वशिला लागत नसे. गेले ते दिवस! आठवले की अजून जीव हळवा होतो.

एका वैशाखात मठाचा गडगा, म्हणजे दगडावर दगड रचलेली भिंत, ढासळला. गावाने काम अंगावर घेतलं. आनशी नावाची एकटी विधवा दगड वाहायची. प्रत्येक दगडावर ती आधी काठी ठोकायची, क्षणभर थांबायची, मगच हात घालायची. महाराजांनीच तिला शिकवलं होतं, "दगडाखाली फुरसं असतं. वीतभरच, पण घोणशीच्या कुळातलं, जालीम विषाचं. ते अंगाचे खवले घासून आधी बजावतं. आपण ऐकून घ्यावं. या दिवसांत ती लेकुरवाळी असतात."

देखरेखीला दाजी खोत होते. त्यांना हे थेर वाटत. त्या दिवशी ते सगळ्यांदेखत म्हणाले, "आनशे, दगडाची परवानगी काढीत बसलंस तर पाऊस येतलो. उद्यापासून येव नको."

आनशीचे डोळे भरून आले. महाराजांची एवढीच सेवा तिच्या वाट्याला होती, तीही गेली.

कसं उचलायचं ते दाखवायला खोतांनी स्वतःच हात घातला. आतून खरखर आली. पलीकडे चुलीवर वडे तळत होते, तोच आवाज असेल असं त्यांना वाटलं. पण कढई मघाशीच उतरवली होती, हे आनशीच्या ध्यानात आलं. ती ओरडेपर्यंत वरचा दगड घसरला आणि खोतांचा हात अडकला. समोर वेटोळं घातलेलं फुरसं, शेजारी काडीएवढी पिल्लं. माणसं मागे सरली.

आनशी मात्र पुढे झाली. दगडावर काठी ठोकून ती कळवळून म्हणाली, "म्हाराजांनू, ह्यांका सांभाळा."

फुरशाने झेप घेतली. खोतांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा फुरसं पिल्लांसह निघून गेलं होतं. लोकांनी दगड काढला. हात खरचटला होता, पण दाताची खूण नव्हती.

सगळे मठात धावले. महाराज मनगटावर पाणी सोडत बसले होते. तिथे दोन लाल ठिपके होते, सूज मात्र नव्हती.

"आनशीची काठी ऐकू आली," महाराज म्हणाले, "मग मीच हात पुढे केला."

खोत पायांवर कोसळले. महाराजांनी त्यांना उठवलं आणि धावताना आनशीच्या हातून उंबऱ्यावर पडलेल्या काठीकडे बोट केलं. दाजी खोत वाकले, काठी उचलली, कपाळाला लावली आणि आनशीच्या हातात दिली.

"उद्या लवकर ये गो," ते म्हणाले. "माका शिकव."