येसूचं खिंडार

माळकोंड गावाच्या वरच्या अंगाला, जिथं भाताची खाचरं संपतात आणि नाचणीची उतरती जमीन सुरू होते, तिथं एक लांबच लांब वई आहे. वई म्हणजे काट्यांचं कुंपण. बोरीच्या फांद्या, चिलारीचे वेल, अधूनमधून निवडुंग. सापानंही आत शिरण्याआधी दोनदा विचार करावा अशी गच्च रचलेली. आणि एवढ्या मेहनतीच्या कुंपणाला डोंगराच्या बाजूनं, चांगली म्हैस आरपार जाईल एवढं भगदाड.

पावसाळ्यानंतर धबधबा बघायला येणारी मंडळी इथं हटकून थांबतात. "बांधायचं राहिलं वाटतं?" असं कुणी तरी विचारतंच. मग बरोबर वाट दाखवायला आलेले बाळकूतात्या डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवतात, बांधावर बसतात आणि म्हणतात, "राहील कशानं? मुद्दाम ठेवलंय. येसूचं खिंडार म्हणतात ह्याला. बसा जरा, धबधबा कुठं पळत नाही."

ही गोष्ट त्यांच्या आज्याच्याही आज्याच्या आधीची आहे, असं सांगतात.

त्या काळी गावाला एक खोत होता आणि खोताला एक जावई होता. जावयाला शिकारीचा दांडगा शौक, पण रानात पायपीट करण्याचा तेवढाच दांडगा कंटाळा. लाडक्या जावयाची ही अडचण ओळखून सासऱ्यानं म्हणे रानडुकराची पिल्लं धरून आणवली आणि घरामागं दगडी आवार घालून वाढवली. जावईबापू आले की एखादं डुक्कर मोकळं सोडायचं आणि बापूंनी ते ओट्यावर उभं राहून मारायचं. रोज तिन्हीसांजेला खोताचा गडी तांब्याचं घंगाळ बडवी, आणि त्या आवाजासरशी आवारातली सगळी डुकरं कोंडा खायला धावत येत.

एका वर्षी पावसानं आवाराची भिंत बसली आणि डुकरं डोंगरात गेली. खोत हळहळला. गाव मात्र निवांत होतं. रानडुक्कर काय माळकोंडला नवीन? पीक तयार झालं की ती यायचीच. शेतातल्या माळ्यावर, म्हणजे मचाणावर बसावं, हाळी द्यावी, थाळी बडवावी, की शेपटी वर करून पळत सुटायची.

आश्विनात नाचणीची कणसं भरली आणि डुकरं आली. राखणीला बसलेल्यांनी नेहमीप्रमाणे थाळ्या बडवल्या.

डुकरं पळाली नाहीत. ती थाळ्यांच्या दिशेनं धावत आली.

येसूचा नवरा राघू त्या दिवशी माळ्यावर होता. घरी येऊन त्यानं सांगितलं तेव्हा त्याचे ओठ पांढरे पडले होते. "आम्ही जेवढं बडवतोय तेवढी वाढतायत गं. माळ्याखाली येऊन वर तोंड करून उभी राहिली. जसं काही आम्ही जेवायला हाक मारलीय." धाकू गुरव थाळी टाकून पळाला, तर एका नरानं त्याची मांडी फाडली. तो जगला, पण पुढं जन्मभर पाय ओढतच चालला.

गाव हबकलं. ज्या आवाजावर पिढ्यान्‌पिढ्या भरवसा ठेवला, तोच आवाज डुकरांना घरात बोलावत होता. तेव्हा ठरलं, की वरच्या सगळ्या शेतांना मिळून एकच वई घालायची, मुंगीलाही फट ठेवायची नाही.

आता ही येसू कोण, ते सांगायला हवं. राघूची बायको, पहिलटकरीण, पदरात अजून बसायलाही न लागलेली मुलगी. मुलीचं नाव काय होतं ते आता कुणाला आठवत नाही. येसू भित्री होती, हे मात्र सगळ्यांना आठवतं. मूल झोपलं की श्वास चालू आहे ना, म्हणून ती त्याच्या नाकाशी बोट धरायची. मूल दचकून रडायला लागलं की तिचा जीव भांड्यात पडायचा. आणि मग त्याला पुन्हा निजवता निजवता स्वतःच रडकुंडीला यायची. आपण जरा जास्तच करतो हे तिला कळत होतं. कळून उपयोग काही होत नव्हता. तिची मोठी जाऊ ठकू म्हणायची, "बाय, तुझं भ्या पाट्यावर वाटलं तर अख्ख्या गावाला चटणी पुरंल."

वई घालायला सगळं गाव आलं. येसू मुलीला कडेवर घेऊन कुंपणाच्या कडेकडेनं फिरत होती आणि फटी दाखवत होती.

"हितं बघा, हितनं ससा जाईल."

"ससा पोर खातो काय गो?" ठकूनं विचारलं. बायका हसल्या, पुरुष हसले, येसूही हसली. पण ती फट बुजेपर्यंत तिथून हलली नाही.

उन्हं कलली तेव्हा एकच जागा उरली होती, डोंगराकडची, गुरांच्या जुन्या वाटेची. लोक दमले होते. हात रक्ताळले होते. उद्या सकाळी बघू, असं सगळ्यांचं मत पडलं. येसू त्या जागी जाऊन उभी राहिली. "आज रातच्याला आली म्हणजे? उद्या मग बुजवून काय करायचं?" राघूला चारचौघांत ओशाळल्यासारखं झालं; पण बायको हलेना, तेव्हा त्यानं चिलारीचे दोन भारे ओढून आणले आणि तेही भगदाड बंद केलं. येसूनं स्वतः हातानं शेवटची फांदी आत खुपसली. त्या रात्री ती कित्येक दिवसांनी गाढ झोपली, असं सांगतात.

दुसऱ्या दिवशी बायका कणसं खुडायला आल्या. आत शिरून वईची गावाकडची कवाडी लावली. येसूनं कवाडीची दोरी पुन्हा एकदा ओढून पाहिली. मग शेताच्या मधोमध असलेल्या किंजळीच्या झाडाला मुलीची झोळी बांधली. इतर बायका झोळी उंच बांधत. येसूनं खाली, गुडघ्याएवढ्या उंचीवर बांधली. गाठ सुटली तर पडून पोराला लागू नये म्हणून.

सूर्य डोक्यावर आला तेव्हा झाडापलीकडची करवंदीची जाळी हलली आणि तिच्यातून एक डुकरीण बाहेर आली.

कुणालाच काही सुधरेना. वई धड होती. कवाडी बंद होती. हे जनावर आलं कुठून? मग जिला आधी उमगलं ती येसूच. ते आलं नव्हतं. ते आतच होतं. कालपासून जाळीत दडलं होतं, आणि आपण हट्टानं, एकेक फट शोधून, त्याला आपल्या पोरीबरोबर आत कोंडलं होतं.

एका बाईनं घाबरून कोयता टोपलीतल्या पितळी तांब्यावर आपटायला सुरुवात केली. जन्माची सवय. तिचं ऐकून दुसरीनं, तिसरीनं. डुकरिणीनं मान वर केली आणि ती आवाजाकडं निघाली. तिच्या आणि बायकांच्या मध्ये किंजळीचं झाड होतं.

"वाजवू नका!" येसू किंचाळली. "कुणी वाजवू नका!"

हात थांबले. डुकरीणही थांबली, नेमकी झोळीपाशी. तिचं नाक झोळीच्या कापडाला लागत होतं. अंग चिखलानं माखलेलं, खांद्यावर काट्यांचे ओरखडे. रात्रभर ती कुंपणाला धडका देत फिरली होती, हे त्या ओरखड्यांवरून दिसत होतं.

शेतात अशी शांतता पसरली की कणसांची सळसळ ऐकू यावी. आणि त्या शांततेत डोंगराच्या बाजूनं, वईच्या पलीकडून, बारीक चिरका आवाज आला. एक, मग बरेच. पिल्लांचा. भुकेला.

तो ऐकला आणि येसूला पान्हा फुटला, असं सांगतात. चोळी भिजली. पोटची पोर झोळीत गप्प झोपलेली, आणि दूध उतरलं ते कुंपणापलीकडच्या ओरडण्याला. येसूला आधी शरमच वाटली. मग तिला कळलं. खाली थबथबलेले सड, रात्रभराच्या धडका, बाहेरची पिल्लं. ही कोंडा मागायला आली नव्हती. ही घरी जायला बघत होती.

आणि मग येसूनं जे केलं ते बघून बायकांनी तोंडावर हात मारले. तिनं झोळीकडं पाठ केली आणि ती डोंगराच्या बाजूला पळत सुटली.

"पोर तिथं आणि ही कुठं चालली?" ठकू ओरडली. "येसू! अगं आई हायस का कोण हायस?"

येसूला ते ऐकू गेलं. वळून बघितलं असतं तर पाय परत फिरले असते, म्हणून तिनं वळून बघितलं नाही. झोळीकडं धावलं तर जनावर बिथरेल, एवढं तिला कळत होतं. पण आपलं कळणं खरं आहे का खोटं, हे सांगणारं कुणी नव्हतं. काल तरी आपल्याला सगळं कळतंय असंच वाटत होतं. तिनं कालच्या जागेवर दोन्ही हात घातले आणि चिलारी उपसायला लागली. कोयता मागं पडला होता. चिलारीचा काटा उलटा असतो. हात आत जातो, बाहेर येताना कातडी घेऊन येतो. ती रडत होती, शिव्या देत होती, कुणाला ते तिलाही ठाऊक नव्हतं, बहुधा स्वतःलाच.

फट पडली. फटीतून एक पट्ट्यापट्ट्यांचं पिल्लू आत घुसलं आणि जिवाच्या आकांतानं ओरडलं.

झोळीपाशी डुकरीण गर्रकन वळली. वळताना तिचा खांदा लागून झोळी झाडाच्या बुंध्यावर आदळली. मग ती नाचणी तुडवत सरळ येसूच्या अंगावर आली. येसूनं डोळे मिटले आणि काट्यांना पाठ लावून बाजूला सरकली. तिच्या मांडीला डुकरिणीचे ओले राठ केस घासले. येसूनं डोळे उघडले तेव्हा तिथं फक्त रुंद झालेलं भगदाड होतं, आणि पलीकडचं रान हलत होतं.

झोळीकडं ती कशी पोचली ते तिलाच ठाऊक नाही. मुलगी जागी झाली होती. कपाळावर आवळ्याएवढं टेंगूळ आलं होतं आणि ती गाव गोळा होईल अशी रडत होती. येसूनं तिला उचलायला हात पुढं केले, तर बोटं मिटेनात. तळव्यांत काटेच काटे. शेवटी ठकूनं पोर उचलली आणि येसूच्या छातीशी धरली. पोर प्यायला लागली. एका हातानं पोर धरून दुसऱ्या हातानं ठकू जावेच्या तळव्यातले काटे काढत राहिली.

संध्याकाळी गावकी बसली. पुरुषांचं एकमत झालं, की भगदाड लगेच बुजवायचं. कुणी तरी असंही म्हणालं, की ज्या बाईनं पोटच्या पोरीकडं पाठ केली तिचं काय ऐकायचं. राघू चिलारीचा भारा घेऊन निघाला, तर येसू भगदाडात बसलेली. हातांना हळदीच्या चिंध्या, मांडीवर पोर.

"ऊठ," राघू म्हणाला. "कालपर्यंत तूच बुजवा म्हणत होतीस."

"व्हय. मीच म्हणत होते," येसू म्हणाली. "बुजवा की. पण आत कोण राहिलंय ते आधी सांगा. मला ठाऊक नाही. तुमच्यातल्या कुणाला ठाऊक आहे?"

सगळे शेताकडं बघायला लागले. नाचणी वाऱ्यावर हलत होती. करवंदीच्या जाळ्या काळ्या पडत चालल्या होत्या. आत काही होतं की नव्हतं, हे छातीठोकपणे सांगणारा एकही माणूस निघाला नाही. राघूनं भारा खाली ठेवला. तो पुन्हा कुणी उचलला नाही.

त्या साली वरच्या कोपऱ्यातली नाचणी डुकरांनी खाल्ली, आणि तेवढ्यावर ती परत गेली. आल्या वाटेनं येत, आल्या वाटेनं जात. अंगावर ती पुन्हा कुणाच्या आली नाहीत, असं म्हणतात. येसू म्हातारी होऊन गेली. तिच्या नावानं ओव्या गायल्या जायच्या, तेव्हा ती म्हणे चिडायची. आपण त्या दिवशी शहाणपणा केला की वेडेपणा, आणि डुकरीण वळलीच नसती तर काय, हे तिला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

आजही दसऱ्याआधी माळकोंडला वई घालतात. त्या शेतात आजही कुणी थाळी वाजवत नाही. सगळं कुंपण झालं, की ज्या बाईच्या कडेवर त्या वर्षीचं तान्हं असेल ती भगदाडात उभी राहते आणि शेताकडं तोंड करून विचारते, "आत कोण राहिलंय?" मग सगळं गाव गप्प उभं राहतं.

गेल्या साली पोरांनी हौसेनं झटक्याच्या तारेचं कुंपण आणलं. वईच्या कडेनंच तारा ओढल्या. बसवायला आलेला शहरातला माणूस भगदाडापाशी येऊन हैराण झाला. "अहो, एवढा खर्च केलात आणि इथं मोकळं सोडताय? मग ह्या कुंपणाचा उपयोग काय? आणि तुम्ही सगळे असे उभे का?"

बाळकूतात्यांची नातसून भगदाडात उभी होती. तिनं कडेवरचं पोर सावरलं आणि त्या माणसाकडं न बघताच म्हणाली, "भाऊ, जरा गप्प राहा. ऐकू दे."