सोमवारची सावड

एका गावात एक दूध संघ होता. गाव बरंच मोठं होतं आणि संघाचा बडेजाव त्याहून मोठा. पंचक्रोशीतलं दूध सकाळ-संध्याकाळ तिथे यायचं. सण असो की सुतक, दूध यायचंच. म्हशीला रविवार कळत नाही, म्हणून संघालाही सुट्टी नव्हती. माणसं मात्र आठवड्यातून एकेक दिवस पाळीपाळीने घरी राहायची.

या संघात वर्षा मगदूम कॉम्प्युटरवर बसायची. कोणत्या गावाचं दूध किती आलं, फॅट किती लागली, हे ती भरत असे. तिचं काम चोख होतं, पण यंत्रणा जुनाट होती. एका गावाचं दूध भलत्याच गावाच्या नावावर चढायचं. मग खिडकीपाशी भांडणं व्हायची, आणि दूध घालणाऱ्या बाया हातातली कामं सोडून तिष्ठत उभ्या राहायच्या. वर्षाला फार वाईट वाटे. आपल्याला हे दुरुस्त करता आलं पाहिजे, असं तिने मनात घेतलं. पण नुसतं घेऊन काय होतं? आधी शिकायला हवं होतं.

जिल्ह्याच्या गावी माहिती प्रणाली या विषयाची पदव्युत्तर पदवी मिळायची. नाव एवढं लांबलचक, की गावाने ते कापून ‘कॉम्प्युटरची मोठी परीक्षा’ करून टाकलं. नोकरदारांसाठी तिथले वर्ग रविवारी भरत. अडचण एकच होती. वर्षाची सुट्टी सोमवारी असायची. रविवारी तिच्या खुर्चीवर कोण बसणार? नोकरी सोडली तर घर चालणार नव्हतं, आणि नोकरी धरली तर शिक्षण होणार नव्हतं.

संघाचे व्यवस्थापक बाबगोंडा अण्णा म्हणाले, “शीक की! मी आडवा येत न्हाई. पर खुर्ची रिकामी ऱ्हाता उपयोगाची न्हाई.”

हे बोलणं प्रयोगशाळेतल्या इलाही मुल्लाणींनी ऐकलं. ते दुधाची फॅट तपासायचे. पन्नाशीकडे झुकलेला, हसतमुख माणूस. त्यांची सुट्टी रविवारी असे. ते दारातूनच म्हणाले, “ताई, माझा रविवार तू घे. घरात बसून तरी मी काय करतो? टीव्ही बघतो आणि बायकोची बोलणी खातो.”

आणि खरोखरच ते दर रविवारी वर्षाच्या खुर्चीवर बसू लागले. टायपिंग एका बोटाने. दुसरं बोट नुसतं धीर द्यायला. खिडकीपाशी रांग लांबली की बाया ओरडायच्या, “इलाहीभाई, दूध नासायच्या आत बटण दाबा!” इलाहीभाई हसायचे आणि सावकाश बटण दाबायचे. आठवड्याचे सातही दिवस ते संघात दिसू लागले. त्यांनी एकदाही कुरकुर केली नाही.

इकडे वर्षाची दोन वर्षं तारेवरची कसरत होती. रविवारी वर्ग, सोमवारी अभ्यास, उरलेले दिवस नोकरी. कोंबडं आरवायच्या आत सासू भाकरी थापून डबा बांधायची. नवरा मोटारसायकलवरून स्टँडवर सोडायचा. लहानगी ओवी विचारायची, “आई, तुला सुट्टी कधी?” वर्षा म्हणायची, “परीक्षा झाली की सगळे सोमवार तुझे.” बसमध्ये बसल्यावर वर्षाला या सगळ्यांची आठवण येऊन डोळे भरायचे. आपण किती भाग्यवान, असं तिला वाटायचं, आणि ते खरंच होतं.

शेवटच्या वर्षी तिने आपल्याच संघासाठी नवी प्रणाली तयार केली. प्रत्येक गावाचं दूध बिनचूक त्याच गावाच्या नावावर पडेल अशी. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी विचारलं, “वीज गेली, यंत्र बिघडलं, तर तुमची प्रणाली कशावर उभी राहील?” वर्षाने बॅटरी सांगितली, दुसऱ्या जागी ठेवलेली माहितीची प्रत सांगितली. उत्तर बरोबर होतं. ती पहिल्या वर्गात पास झाली.

गावात आनंदीआनंद झाला. संघाने तिला अधिकारी केलं. वेगळी खोली दिली, दारावर पाटी लावली. खिडकीपाशी आता भांडण होत नव्हतं. दूध घातलं की बायांच्या मोबाइलवर हिशेब यायचा आणि त्या पाच मिनिटांत घरी. त्यांचे आशीर्वाद ऐकून वर्षाला शिकल्याचं सार्थक झालं असं वाटे.

सगळ्यांचे आभार मानावेत म्हणून तिने मोठ्या हौसेने एक कार्यक्रम केला. आपल्याकडे उपकार फेडायची एकच रीत, सत्कार! मांडव झाला, माइक झाला, अण्णांचं लांबलेलं भाषण झालं. वर्षाने इलाहीभाईंना शाल पांघरली, नारळ दिला, चार शब्द बोलली. टाळ्या पडल्या. इलाहीभाईंनी शाल नीट घडी करून घरी नेली. वर्षाला हलकं हलकं वाटलं.

त्यानंतरचे सोमवार ओवीचे झाले. शाळा सुटली की आई दारात उभी. दोघी कधी नदीवर जायच्या, कधी नुसत्या लोळायच्या. वर्षाला दोन वर्षांची झोप भरून काढायची होती.

थोड्या दिवसांनी बाबगोंडा अण्णा तिच्या खोलीत आले. म्हणाले, “प्रयोगशाळेचे प्रमुख निवृत्त व्हायला लागलेत. इलाहीला त्या जागी घ्यायचं मनात हुतं. पर पदविका लागती. वर्ग दर सोमवारी. वयाची अट बघता औंदाची ही शेवटची संधी. मी म्हटलं, सोमवारी तुझ्या जागी बदली माणूस दे आणि जा. तर नको म्हणाला.”

“का?” वर्षाने विचारलं.

“म्हणाला, ‘कुणाला सांगू? ज्याला त्याला आपलं घर हाय.’”

संध्याकाळी सासूबरोबर शेंगा फोडत बसली असताना वर्षाने हे सांगितलं आणि म्हणाली, “आत्या, मी आता अधिकारी आहे. हुकूम काढते आणि कुणाला तरी बसवते सोमवारी.”

सासूचा हात थांबला. “तुझ्यासाठी इलाहीनं हुकूम काढला हुता व्हय?”

“पण त्यांचा एवढा सत्कार केला की मी! शाल दिली…”

“सावड शालीनं फिटती व्हय गं?” सासू म्हणाली. “आमच्या शेतात भांगलणीला शेजारची शेवंता आली, की तिच्या भांगलणीला आम्ही जायचो. नारळ घेऊन न्हाई, खुरपं घेऊन. आणि शेवंता बलवायची वाट बघत न्हवतो.”

वर्षाला एकदम परीक्षकांचा प्रश्न आठवला. तुमची प्रणाली कशावर उभी राहील? तेव्हा तिने बॅटरी सांगितली होती. पण तिची स्वतःची दोन वर्षं उभी होती ती इलाहीभाईंच्या रविवारांवर. तिला स्वतःची लाज वाटली.

तरी सोमवार सोडणं सोपं नव्हतं. ओवी शेजारीच शेंगा खात बसली होती. इलाहीभाईंची पदविका म्हणजे वर्षभर आई सातही दिवस संघात. वर्षाने लेकीला जवळ घेऊन सगळं सांगितलं. ओवीचा चेहरा पडला. मग ती म्हणाली, “मी शाळेतून सरळ संघात येऊ?”

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्षा स्वतःची खोली ओलांडून प्रयोगशाळेत गेली. “भाई, तुमचा सोमवार मला द्या. वर्गाला जा.”

इलाहीभाई गडबडले. “खुळी काय तू? साहेब झालीस आता. लोक हसतील.”

“हसू देत. मी हुकूम घेऊन नाही आले. सावडीला आलेय.”

इलाहीभाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. मग खाकरून म्हणाले, “आधी हात धुऊन ये. दुधाला हात लावायचा तर हात स्वच्छ पाहिजेत.”

आठवडाभर त्यांनी तिला फॅट तपासायला शिकवलं. सोमवार उजाडला. इलाहीभाई डबा घेऊन स्टँडकडे निघाले. सकाळच्या गारठ्याला त्यांच्या अंगावर सत्काराची शाल होती. शालीचा असा उपयोग होईल हे वर्षाच्या ध्यानीमनी नव्हतं.

पहिल्या दिवशी वर्षाची त्रेधा उडाली. कॅन खोळंबले, रांग लांबली. बाया ओरडल्या, “साहेब, दूध नासायच्या आत फॅट सांगा!” वर्षा हसली आणि सावकाश फॅट सांगत राहिली. दुपारी ओवी दप्तर घेऊन आली आणि आईजवळच्या स्टुलावर बसून ग्लासभर दूध प्याली. तिचा सोमवार अगदीच बुडाला नाही.

इलाहीभाई पास झाले आणि प्रयोगशाळेचे प्रमुख झाले. या वेळी मांडव नव्हता, माइक नव्हता. त्यांनी घरून शीरखुर्मा आणला, तेवढा सगळ्यांनी उभ्या उभ्या खाल्ला.

त्याच वेळी वजनकाट्यावरची मालन दारात घुटमळत होती. तिचं लग्नापायी कॉलेज सुटलं होतं. ती चाचरत म्हणाली, “मला बी पुढं शिकायचं हुतं. पर वर्ग…”

वर्ग कोणत्या वारी आहेत हे सांगायच्या आतच दोन आवाज एकदम आले.

“माझा सोमवार घे.”

“माझा रविवार घे.”

तात्पर्य: ज्याने आपला वेळ देऊन आपल्याला उभं केलं, त्याचे उपकार हारतुऱ्यांनी फिटत नाहीत. त्याची पाळी आली की न बोलावता आपला वेळ घेऊन जावं. खरी कृतज्ञता तीच.