आंबा घाटाचा उतार

"भीती घालवायची कशी, एवढंच सांगा चाचा."

श्रेणिक मगदूमनं आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला काही विचारलं होतं. राज्याच्या संघातला तो सगळ्यात वेगवान सायकलपटू. शिकवणाऱ्यांनाच शिकवतो, असं लोक त्याच्याबद्दल म्हणत.

बंदेनवाज चाचा तेव्हा मिरजेत आपल्या ओसरीवर बसले होते. तरुणपणी घाटाच्या शर्यतींत त्यांना उतारावर कुणी गाठू शकलं नव्हतं. या माणसाला ब्रेक ठाऊकच नाही, असं जुने लोक अजून सांगतात.

गेल्या मोसमात श्रेणिक आंबा घाटातल्या एका वळणावर पडला. गळ्याजवळचं हाड मोडलं, ते सांधलंही. पण त्यानंतर उतार दिसला की त्याचे हात आपोआप ब्रेक दाबू लागले. संघात त्यानं पाठदुखीचं कारण सांगितलं होतं. आता निवड तोंडावर आली होती, आणि सायकल कायमची सोडावी, असं त्याच्या मनात घोळत होतं.

दुसऱ्या दिवशी रत्नागिरीला नात्यातलं लग्न होतं, तिकडे सोबत चल, एवढंच चाचा म्हणाले.

वऱ्हाडाची जीप आंबा घाट उतरू लागली. श्रेणिकनं खिडकीबाहेर बघायचं टाळलं.

तेवढ्यात त्याच्या मनगटावर पकड बसली.

चाचांनी डोळे घट्ट मिटले होते. ओठ पुटपुटत होते. प्रत्येक वळणाला त्यांची नखं श्रेणिकच्या हातात रुतत होती. तो पडला होता ते वळण आलं, गेलं... त्याचं तिकडे लक्षच गेलं नाही. तो म्हाताऱ्याकडे बघत राहिला होता.

खाली साखरप्याला जीप चहासाठी थांबली. चाचांनी कपाळ पुसलं.

"चाचा... तुम्ही घाबरता?"

"पहिल्यापासनं. शर्यतीच्या आधी ओकायचो."

श्रेणिक बाकावर बसला. मग त्यानं एक लांब श्वास सोडला.

"माझी पाठ दुखत नाही, चाचा."

"ठाऊक हाय."

श्रेणिकला हसू आलं. पडल्यापासून तो असा हसला नव्हता. खांदे हलेपर्यंत हसला, डोळे पुसले, पुन्हा हसला. चहावाला दोघांकडे बघत राहिला.

जरा वेळानं त्यानं विचारलं, की एवढी भीती वाटत होती, तर उतारावर तुम्हाला कुणी कसं गाठू शकलं नाही?

चाचांनी बशीत चहा ओतला. फुंकर घातली. एक घोट घेतला...

"मला लवकर खाली पोचायचं असायचं, लेका."