खाणीतल्या पंपाचे बेअरिंग

वर्धा नदीच्या काठी धाबेगावात, कोळशाच्या खाणीजवळ, चिंधोजी महाराजांची धुनी होती. महाराज नऊ वर्षे धुनीपुढच्या आसनावरून उठले नव्हते. खाणीतला फिटर उरकुडा रोज पाळी सुटली की त्यांच्या पायांवर डोके ठेवून मगच घरी जाई.

त्या श्रावणात खाणीचे पाणी उपसणारा पंप थरथरू लागला. बेअरिंग ज्या ओतीव घरात बसते, ते घरच झिजले होते. मुख्य इंजिनियर गुणेसाहेबांनी हुकूम दिला, "घराला आतून पंचाने खाचा ठोका, पत्र्याची पट्टी घाला, काम चालू ठेवा."

उरकुडा हात जोडून म्हणाला, "साहेब, घर लांबोळकं झालं जी. पट्टी नाही टिकणार. घर कोरून आत नवा बुश, नवं कडं, बसवावा लागते. एक दिवस पंप बंद ठेवा, माणसं वर घ्या."

"हे तुझ्या गोसावड्यानं सांगितलं का?" साहेब हसले. सगळे हसले. उरकुडा खाली मान घालून पट्टी ठोकू लागला.

चौथ्या दिवशी सकाळी नदीचे पाणी खाणीत शिरले आणि त्याच वेळी पंप जाम झाला. अकरा माणसे खाली अडकली. त्यांत उरकुड्याचा धाकटा भाऊ सीताराम होता.

वर पंपघरात उरकुड्याने बेअरिंगचे घर कोरले, बुश कातून बसवला. पण नवे बेअरिंग त्यात जाईना. दुपार झाली होती. खालून येणारे आवाज कमी झाले होते. साहेबांनी घाबरून घण उचलला.

"ठोकू नोका!"

दारात महाराज उभे होते! त्यांनी बुशावर तळवा ठेवला. "केसभर आवळ आहे, बापू. ठोकून बसन, पण घडीभरात तापन अन् पुन्हा जाम होईन."

उरकुड्याने रडत रडत बुशाच्या आतून बारीक पॉलिश कागदाचे हात फिरवले. महाराज "बस" म्हणाले तेव्हा तो थांबला. बेअरिंग अंगठ्यांच्या दाबाने सरकत आत बसले. पंप दोन दिवस अखंड चालला, पण तापला नाही.

सात जण जिवंत वर आले. चार प्रेते निघाली. त्यांत सीताराम होता.

उरकुडा धुनीकडे धावला. मागोमाग साहेबही गेले. तिथले भक्त शपथेवर सांगत होते, महाराज आसनावरून हललेच नाहीत. पण त्यांच्या तळव्यावर काळ्या तेलाचा गोल ठसा होता.

"महाराज, माझा सीताराम?" उरकुड्याने विचारले.

महाराजांचे डोळे भरून आले. "त्या चौघांपर्यंत मी पोचलो नाही रे."

गुणेसाहेब पायांशी कोसळले. महाराजांनी पाय मागे घेतले. "मी कोण? ज्यांचं गेलं त्यांच्या दारी जा."

साहेब पावसात अनवाणी निघाले. पहिले घर सीतारामचे होते. त्याची बायको पारबता उंबऱ्यात बसली होती. साहेबांनी तिच्या पायांपाशी चिखलात कपाळ टेकले, आणि ती उठून आत जाईपर्यंत ते वर उचलले नाही.